नवी एसएसडी किंवा कार्ड बसवलं, पण कॉम्प्युटरला दिसत नाही: तपासणी कुठून सुरू करायची?

डेस्कटॉपमध्ये नवी एसएसडी, जादा हार्ड डिस्क किंवा एखादं कार्ड बसवल्यानंतरची तक्रार बहुधा यांपैकी एका रूपात येते:

- 'धिस पीसी'मध्ये नवा ड्राइव्ह नाही, बाकी कॉम्प्युटर व्यवस्थित चालतो.
- बायोसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये) डिस्कचं नाव नाही.
- एम.२ एसएसडी (थेट बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारी चपटी एसएसडी) बसवली आणि आधीची चालू असलेली साटा डिस्कच (केबलने बोर्डाला जोडलेली) गायब झाली.
- डिस्क दिसते, पण मोठी फाइल कॉपी करताना मध्येच नाहीशी होते. रीस्टार्ट केलं की परत येते.
- कार्ड बसवल्यावर पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही.
- क्लोन केलेल्या (जशीच्या तशी नक्कल केलेल्या) डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही, किंवा जुनी डिस्क काढली की 'बूट डिव्हाइस' सापडत नाही.
- दोन किंवा चार एसएसडी बसणाऱ्या कार्डावर एकच एसएसडी दिसते.

नवा भागच खराब निघाला, असं यात क्वचितच होतं. म्हणून तो परत करायची घाई करू नका. आधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: तो भाग कुठपर्यंत दिसतो? पायऱ्या तीन आहेत. पहिली बायोस, दुसरी विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर आणि डिस्क मॅनेजमेंट, तिसरी फाइल एक्सप्लोरर. डिस्क बायोसला दिसते पण एक्सप्लोररमध्ये नाही, तर कॅबिनेट उघडायचं कारण नाही. बायोसलाच दिसत नसेल, तर विंडोजमध्ये ड्रायव्हर शोधत बसणं व्यर्थ आहे. याला अपवाद कार्डांचा. साउंड, यूएसबी किंवा नेटवर्क कार्डाचं नाव बरेच बायोस दाखवतच नाहीत, त्यामुळे कार्डांसाठी पहिली खरी खूण डिव्हाइस मॅनेजरमध्येच मिळते.

एका वेळी एकच बदल करा आणि लगेच तपासा. केबल, स्लॉट आणि बायोसची सेटिंग एकदम बदलली तर डिस्क दिसूही लागेल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि महिन्याभराने तोच बिघाड परत आला की सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

हात लावण्याआधी

महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि काम संपेपर्यंत बिटलॉकर 'सस्पेंड' करा. बायोसमधला साधा बदलसुद्धा पुढच्या सुरुवातीला ही की मागू शकतो, आणि की नसेल तर डिस्क धडधाकट असूनही त्यातलं काहीच उघडता येत नाही.

स्क्रू न काढता होणाऱ्या तपासण्या

पूर्ण शटडाउन करा. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर नेहमीच्या शटडाउनमध्ये सिस्टीमचा काही भाग डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यात नव्या हार्डवेअरची दखल कधीकधी घेतली जात नाही. शिफ्ट कळ दाबून धरून शटडाउन करा, किंवा सरळ रीस्टार्ट करा.

मग डिस्क मॅनेजमेंट उघडा. अगदी नव्या डिस्कवर विभाजनच नसतं, म्हणून ती एक्सप्लोररमध्ये येत नाही. इथे ती 'नॉट इनिशियलाइझ्ड' किंवा काळ्या पट्टीसह 'अनअलोकेटेड' अशी दिसते. इनिशियलाइझ करताना (डिस्कवर विभाजनाची मांडणी लिहिताना) जीपीटी ही मांडणी निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीत ५१२ बाइटच्या सेक्टरच्या हिशेबाने साधारण २ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते. चार टीबीची डिस्क 'अर्धीच दिसते' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. त्यानंतर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'ने फॉरमॅट करा.

इथे एक गोष्ट कधीही करू नका. डिस्क नवी नसून आधीचा डेटा असलेली असेल, आणि विंडोज ती इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट करू का असं विचारत असेल, तर 'नाही' म्हणा. याचा अर्थ विभाजनाची माहिती वाचता येत नाहीये. डेटा अजून जागेवर असू शकतो, पण नवी माहिती लिहिली की तो परत मिळण्याची शक्यता घटते. एसएसडीवर फॉरमॅटनंतर ट्रिम (मोकळ्या जागा पुसण्याची क्रिया) चालतं, आणि मग व्यावसायिकांनाही फारसं काही हाती लागत नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये विभाजन आहे पण अक्षर नाही, असंही होतं. उजवं क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या. 'ऑफलाइन' लिहिलेलं असेल आणि ती डिस्क दुसऱ्या डिस्कचा क्लोन असेल, तर दोघींची ओळखसही सारखी झाल्यामुळे विंडोजने एकीला बाजूला ठेवलं आहे. क्लोन केल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवायची ती याचसाठी.

कार्डासाठी डिव्हाइस मॅनेजर बघा. पिवळा त्रिकोण दिसला तर त्यातला कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड १२ म्हणजे कार्डाला पुरेशी संसाधनं मिळाली नाहीत. अशा वेळी बायोसमधलं 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' चालू करून बघावं. कोड ४३ म्हणजे कार्डाने स्वतःच अडचण कळवली आहे. ड्रायव्हर स्वच्छ काढून पुन्हा घालूनही तो राहिला, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा खुद्द कार्डावर जातो.

मदरबोर्डचं मॅन्युअल: सगळ्यात दुर्लक्षित तपासणी

बायोसलाच डिस्क दिसत नसेल, तर कॅबिनेट उघडण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. यावर दहा मिनिटं घालवली की अर्धीअधिक प्रकरणं इथेच मिटतात.

आधी एसएसडी आणि स्लॉट एकाच जातीचे आहेत का ते बघा. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटा एसएसडी मिळते आणि एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणीची) एसएसडीही मिळते. साटा एसएसडीला सहसा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला बहुधा एक. पण खाचांवरच विसंबू नका, काही एनव्हीएमई एसएसडींनाही दोन खाचा असतात. लेबलवर काय छापलंय ते वाचा. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये साटा एसएसडी नीट बसते, स्क्रूही लागतो, पण ती कधीच दिसत नाही. यावर बायोसमध्ये काही उपाय नाही, एसएसडीच बदलावी लागते.

मग लेनची, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या मार्गांची, वाटणी. चिपसेटकडे (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपकडे) लेन मोजक्या असतात, म्हणून बोर्ड बनवणारे एकच लेन दोन जागी जोडतात. एम.२ स्लॉट भरला की साटाचे ठरावीक पोर्ट बंद होतात, किंवा खालचा पीसीआय एक्सप्रेस (कार्ड बसवायचा) स्लॉट बंद होतो. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी साटा डिस्क गायब होण्याचं हे नेहमीचं कारण. मॅन्युअलमध्ये याचा तक्ता असतो. डिस्कची केबल मोकळ्या पोर्टवर हलवली की काम होतं.

काही स्लॉट प्रोसेसरवर अवलंबून असतात. इंटेलच्या ५०० मालिकेतल्या चिपसेटच्या अनेक बोर्डांवर थेट प्रोसेसरला जोडलेला एम.२ स्लॉट अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवरच चालतो. त्याच बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर तो स्लॉट बंद राहतो. एसएसडी खालच्या स्लॉटमध्ये घालणं हाच उपाय.

लांब स्लॉट म्हणजे सोळा लेन, असंही समजू नका. खालचा एक्स१६ आकाराचा स्लॉट आतून अनेकदा चारच लेनचा असतो. आणि चार एसएसडी घेणाऱ्या स्वस्त कार्डावर स्वतःची स्विच चिप नसते. सोळा लेनचे चार-चारचे चार तुकडे बोर्डाने करून द्यावे लागतात. याला बायफर्केशन म्हणतात. बायोसमध्ये ती सोय नसेल किंवा चालू केलेली नसेल, तर पहिली एसएसडी दिसेल आणि बाकीच्या नाही. कार्ड बदलून काही होत नाही. एकतर सेटिंग लावायची, नाहीतर स्विच चिप असलेलं महाग कार्ड घ्यायचं.

जुना बोर्ड असेल तर आणखी एक मर्यादा. इंटेलच्या ९ मालिकेच्या चिपसेटआधीचे, म्हणजे साधारण २०१४ पूर्वीचे बहुतेक बोर्ड एनव्हीएमईवरून बूट होत नाहीत. कार्डावर बसवून साठवणुकीला ती चालते, पण विंडोज तिच्यावरून सुरू होत नाही. अशा कॉम्प्युटरला साटा एसएसडी घेणंच शहाणपणाचं.

कॅबिनेट उघडून

शटडाउन करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. आत हात घालण्याआधी आणि मध्ये मध्ये कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. गालिच्यावर उभं राहून काम करू नका.

एम.२ एसएसडी साधारण ३० अंशांच्या कोनात पूर्ण आत सरकवायची, मग दाबून आडवी करायची आणि स्क्रू लावायचा. नीट बसली असेल तर सोनेरी संपर्कपट्टीची जेमतेम एक बारीक कड दिसते. स्क्रूखालचा पितळी स्टँडऑफ (एसएसडीला टेकू देणारा छोटा खांब) एसएसडीच्या लांबीप्रमाणे योग्य भोकात हवा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. स्टँडऑफ नसेल तर स्क्रू आवळताना एसएसडी वाकते आणि दुसऱ्या टोकाचे संपर्क उचलले जातात. चुकीच्या भोकात असेल तर तो एसएसडीच्या पोटाला टेकतो. स्क्रू लहान आहे, दोन बोटांच्या जोराने लागेल तेवढाच आवळा. हीटसिंक असेल तर तिच्या पॅडवरची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढली आहे ना, हे जरूर बघा. ती राहिली की एसएसडी दिसते, चालते, आणि मोठ्या कामात तापून मंदावते किंवा गायब होते.

कार्ड पूर्ण काढून परत बसवा. मागची पत्र्याची पट्टी कॅबिनेटच्या चौकटीत तिरकी अडकली तर स्क्रू आवळताना कार्डाचं दुसरं टोक वर येतं. स्क्रू लावल्यानंतर स्लॉटच्या टोकाचा खटका लागलेला आहे का ते पुन्हा बघा. ग्राफिक्स कार्ड जड असेल तर खालून आधार द्या.

स्क्रीन येत नसेल तर मॉनिटरची केबल बोर्डाच्या नाही तर कार्डाच्या पोर्टला लावली आहे ना ते तपासा. वेगळं कार्ड बसलं की बरेच बोर्ड स्वतःचा डिस्प्ले बंद करतात. कार्डाला स्वतंत्र वीजजोड असेल तर तो पूर्ण आत गेलेला हवा. बऱ्याच बोर्डांवर निदानाचे छोटे दिवे असतात. मेमरीचा दिवा लागून राहिला असेल तर दोष बहुधा कार्डाचा नाही, काम करताना रॅम ढिली झाली असू शकते.

साटा डिस्कची डेटा केबल दोन्ही टोकांनी काढून परत लावा, मग दुसरी केबल लावून बघा. सगळ्या तपासणीतला सर्वात स्वस्त सुटा भाग हाच, आणि मधूनच गायब होणाऱ्या डिस्कचा दोषी बहुतेक वेळा हाच निघतो. पुरावाही मिळतो. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) बघा. त्यात सी७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसी त्रुटींची (डेटा पोचताना झालेल्या चुकांची) संख्या, वाढत असेल तर केबल किंवा जोड खराब आहे. तो आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो जिथल्या तिथे थांबला की दोष गेला. ०५, सी५ आणि सी६ हे आकडे वाढत असतील तर गोष्ट वेगळी. ते हार्ड डिस्कच्या पृष्ठभागावरच्या खराब जागा मोजतात. केबल बदलू नका, डेटा बाहेर काढा.

वीजपुरवठा

या भागात चूक झाली तर भाग दिसेनासा होत नाही, जळतो. म्हणून सावकाश.

मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलींच्या) एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची, केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका, कंपनी एकच असली तरी. डिस्ककडचं टोक प्रमाणित असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येकाची वेगळी असू शकते. केबल बिनबोभाट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन जोडलेल्या सगळ्या डिस्क एका क्षणात संपतात.

प्रोसेसरचा आठ पिनांचा जोड आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा जोड दिसायला सारखे असले तरी वेगळे आहेत. पहिला चार अधिक चार असा सुटतो, दुसरा सहा अधिक दोन. जोर लावून बसवावं लागत असेल तर थांबा, जोड चुकीचा आहे.

साटा वीजजोडातून कार्डाचा सहा पिनी जोड काढणारे कन्व्हर्टर वापरू नका. साटाच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट देऊ शकतात. सहा पिनी जोडावर कार्ड ७५ वॅट मागू शकतं. जोड वितळतो.

बाहेरच्या पेटीतून काढलेली मोठी हार्ड डिस्क किंवा सर्व्हरसाठीची डिस्क अजिबात फिरत नसेल, तर ती मेली असं लगेच ठरवू नका. अशा काही डिस्क साटा वीजजोडाच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की बंद राहतात, कारण नव्या प्रमाणात ती पिन डिस्क दूरवरून बंद करण्यासाठी ठेवली आहे. जुन्या रचनेच्या एसएमपीएसवर तिथे कायम वीज असते. ३.३ व्होल्टची तार नसलेली, त्याच एसएमपीएससाठी बनवलेली केबल वापरणं हा सरळ मार्ग.

बायोसच्या सेटिंग्ज

बघायला फुकट असूनही ही पायरी इतकी खाली ठेवली आहे, कारण इथला चुकीचा बदल चालू विंडोज बंद पाडतो. बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा.

एसएसडीचा पोर्ट किंवा स्लॉट 'डिसेबल्ड' नाही ना, ते आधी बघा. मग साटाची पद्धत. एएचसीआय (नेहमीची पद्धत) आणि रेड (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) यांच्यात सरळ अदलाबदल केली की विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' दाखवतं. बदलणं भाग असेल तर आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोसमध्ये बदल करा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि सेफ मोड काढा. खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या, तिथे पिन चालेलच असं नाही. डिस्क खरोखरच रेडमध्ये बांधलेल्या असतील तर हे मुळीच करू नका.

विंडोज नव्याने घालताना यादीत एनव्हीएमई दिसत नसेल आणि प्रोसेसर इंटेलचा अकराव्या किंवा पुढच्या पिढीचा असेल, तर व्हीएमडी (एनव्हीएमई सांभाळणारी इंटेलची सोय) चालू आहे का बघा. इन्स्टॉलरला त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्या, किंवा नवीच मांडणी असल्यामुळे व्हीएमडी बंद करा.

क्लोन सुरू होत नसेल तर जुनी डिस्क एमबीआर होती का ते तपासा. एनव्हीएमईवरून बूट व्हायला बहुतेक बोर्डांना यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लागतं, आणि त्याला जीपीटी. जुनी डिस्क काढल्यावरच विंडोज अडत असेल, तर बूट विभाजन अजून जुन्या डिस्कवरच आहे. विंडोज घालताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की असं होतं. नव्याने घालताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवा.

या सेटिंग्ज दर वेळी वीज गेल्यावर आपोआप मूळ पदावर येत असतील, तारीख चुकत असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. तीन व्होल्टचा हा सेल उतरला की साटाची पद्धत आणि बूटचा क्रम विसरला जातो, आणि 'डिस्क पुन्हा गायब' ही तक्रार परत परत येत राहते.

मधूनच गायब होणारी एनव्हीएमई

हिला केबल नसते, त्यामुळे सी७ इथे उपयोगी नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदी बघा. १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून ती रीसेट केली, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं. डब्ल्यूएचईएची (विंडोजच्या हार्डवेअर-त्रुटी नोंदींची) १७ क्रमांकाची नोंद पीसीआय एक्सप्रेसच्या दुरुस्त झालेल्या चुका सांगते. तिन्हींत आधी तापमान बघा. मोठी फाइल कॉपी करताना ते ७०–८० अंशांच्या घरात जात असेल तर हवेची सोय करा. तापमान ठीक असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करून बघा. कार्ड रायझर केबलवर (कार्ड स्लॉटपासून लांब बसवायच्या केबलवर) असेल तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग 'ऑटो'वरून एक पिढी खाली आणा. तिसऱ्या पिढीसाठी बनवलेली रायझर चौथ्या पिढीच्या वेगाला टिकत नाही. एसएसडीचं फर्मवेअर आणि बोर्डाचं बायोस अपडेट करायचं ते यानंतर, बॅकअप घेऊन, आणि वीज जाणार नाही अशा वेळी.

शेवटची तपासणी अदलाबदलीची. तोच भाग दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये चालला तर दोष बोर्डात किंवा त्याच्या मर्यादेत आहे. तिथेही दिसला नाही तरच वॉरंटीकडे जा.

इथे थांबा

हार्ड डिस्क टिकटिक किंवा खरखर आवाज करते आणि तिच्यात एकमेव प्रत असलेला डेटा आहे: वीज बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. दर चालू करण्यागणिक हेड पृष्ठभाग खरवडू शकतं.

जळका वास आला, जोड काळा पडला किंवा वितळला, कपॅसिटर फुगले, स्लॉटची पिन वाकली, तर पुढची चाचणी घेऊ नका. एसएमपीएसचं झाकण कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतका भार राहू शकतो. आणि कार्ड काढल्यावर, सगळं मूळ जागी ठेवूनही कॉम्प्युटर सुरू होत नसेल, तर बोर्ड तपासायला मोजमापाची साधनं लागतात.

तंत्रज्ञाकडे जाताना बोर्डाचं पूर्ण मॉडेल, बायोसची आवृत्ती, एसएसडीचा किंवा कार्डाचा मॉडेल क्रमांक, तो कोणत्या स्लॉटमध्ये होता, आणि कोणते बदल कोणत्या क्रमाने केले, हे लिहून न्या. डेटासाठी डिस्क देत असाल तर तिच्यावर इनिशियलाइझ, फॉरमॅट किंवा दुरुस्तीचा कुठलाही प्रोग्रॅम चालवला होता का, तेही सांगा. त्यावरून ती कशी उघडायची हे तो ठरवतो.